बाहेर हक्काची मागणी, आत ‘नाव खराब होईल’

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे विषय छापलाय, ‘आरोग्य हक्क आणि लिंगभाव’. आयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, “आपा, दवाखान्यात बायकांचे कसे हाल होतात ते सांगा.” ते सांगेनच. पण आज मला त्याहून अवघड गोष्ट बोलायची आहे. सरकारी दवाखान्याला जाब विचारणाऱ्या आमच्यासारख्या संस्था-संघटनांमध्ये बाईचं काय होतं, आणि त्यात माझा स्वतःचा हात किती होता, ती गोष्ट. तुमच्यातले काही जण अशा संघटनांत काम करतात, काही उद्या करतील. तुमच्यासमोर नाही बोलायचं तर कुणासमोर?

एका जनसुनवाईपासून सुरुवात करते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यात एक चांगली तरतूद होती. दवाखाना नीट चालतो की नाही हे लोकांनीच तपासायचं. महाराष्ट्रात २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद अशा पाच जिल्ह्यांत हे काम ‘लोकाधारित देखरेख’ या नावानं सुरू झालं. गावात बैठक घ्यायची, प्रश्नावली भरायची, उपकेंद्राला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग द्यायचा, आणि मग सगळ्यांसमोर अधिकाऱ्यांना उभं करून प्रश्न विचारायचे. ती जनसुनवाई. आमची संस्था आमच्या तालुक्यात त्याच धर्तीवर काम करायची.

त्या दिवशी मंडप भरला होता. निम्म्याहून जास्त बायका होत्या. आम्हाला त्याचा अभिमान वाटत होता, फोटोही काढून झाले होते. व्यासपीठावर तालुका आरोग्य अधिकारी, पंचायत समितीचे सभापती, एक वकील, एक पत्रकार आणि आमच्या संस्थेचे सचिव. पाचही पुरुष. मी खाली माइकपाशी, नावं पुकारायला. आमच्या अकरा मागण्या होत्या. डॉक्टरांची रिक्त पदं, औषधांचा तुटवडा, रात्री रुग्णवाहिका न मिळणं, कुत्रा चावल्यावरची लस, बाहेरून औषध लिहून देणं. सगळ्या खऱ्या, सगळ्या महत्त्वाच्या. टाळ्या पडल्या, अधिकाऱ्यांनी चार आश्वासनं दिली.

संपल्यावर मी पाण्याच्या जारपाशी गेले तर आमच्याच मोहल्ल्यातल्या एका बाईनं माझा हात धरला. बिड्या वळणारी बाई, तीन मुलांची आई. हळू आवाजात म्हणाली, तिसऱ्या बाळंतपणानंतर दवाखान्यात तिला तांबी बसवली, विचारलंच नाही. घरी आल्यावर रक्त थांबेना तेव्हा दुसऱ्या डॉक्टरकडे गेली आणि तिथं तिला कळलं. काढायला गेली तर नर्सबाई म्हणाल्या, “तुम्हा लोकांना अजून किती पाहिजेत?” मी विचारलं, “मग मघाशी माइकवर का नाही बोललीस?” तर म्हणाली, “वर सगळे बापे बसलेत. आणि तुमच्या कागदावर तो सवालच नव्हता.”

घरी जाऊन मी प्रश्नावली काढली. खरंच नव्हता. डॉक्टर हजर होते का? होता. औषध मिळालं का? होता. पैसे मागितले का? होता. तुम्हाला विचारून तांबी बसवली का? नव्हता. बाळंतपणाच्या खोलीला पडदा आहे का? नव्हता. बायकांच्या संडासाला कडी आहे का? नव्हता. तुमच्या कपड्यांवरून, नावावरून, मुलांच्या संख्येवरून कुणी टोमणा मारला का? तोही नव्हता. ती प्रश्नावली आमच्या कार्यालयात तिघा जणांनी बसून तयार केली होती. तिघेही तळमळीचे कार्यकर्ते, तिघेही पुरुष. आणि टाइप मी केली होती. मला तीन बाळंतपणांचा अनुभव होता. पण माझं काम टाइप करण्याचं होतं, विचारण्याचं नव्हतं, असं मीच धरून चालले होते.

लिंगभाव म्हणजे काय, हे मला पुस्तकातून नंतर कळलं. त्या कागदावरून आधी कळलं. बाईचं शरीर वेगळं आहे, ते झालं लिंग. त्या शरीराबद्दल निर्णय कोण घेणार, कोण बोलणार, कुणाचं दुखणं ‘सगळ्यांचा प्रश्न’ ठरणार आणि कुणाचं ‘बायकांचं काहीतरी’ म्हणून बाजूला पडणार, ही समाजानं केलेली वाटणी म्हणजे लिंगभाव. मंडपात बायका किती आल्या हे मोजून ती वाटणी मोडत नाही.

आता देशाचं चित्र बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा अहवाल २०१९ ते २१ या काळाचा आहे. त्यात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं, त्याच वयाच्या पुरुषांमध्ये २५ टक्के. त्याच अहवालात दुसरा आकडा आहे. संततिनियमनासाठी स्त्रीची नसबंदी झालेली जोडपी सुमारे ३८ टक्के आणि पुरुषाची नसबंदी झालेली ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असते, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. तरी टेबलावर झोपते ती जिच्या अंगात रक्त कमी आहे ती.

याची किंमत कधीकधी जिवानं मोजावी लागते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची नसबंदी केली गेली. त्या घटनेत १३ बायका दगावल्या. त्याच्या जवळजवळ तीन वर्षं आधी बिहारमध्ये अररिया जिल्ह्यात एका शाळेत असंच शिबिर झालं होतं, ५३ बायकांचं. त्यावर देविका बिस्वास या आरोग्य कार्यकर्तीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१६ मध्ये निकाल लागला आणि अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असं न्यायालयानं सांगितलं. आपल्याकडे बीडचं प्रकरण तुम्ही ऐकलंच असेल. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या, म्हणजे गर्भाशयं, काढली जात होती. पाळीमुळे किंवा दुखण्यामुळे खाडा झाला तर पैसे कापले जातात. त्यात डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली की बाई ऑपरेशनला तयार होते. २०१९ मध्ये तीन वर्षांतल्या ४,६०५ शस्त्रक्रियांचा आकडा विधिमंडळात सांगितला गेला, मग चौकशी समिती नेमली गेली.

हे आकडे मी मुद्दाम सांगते. औषध आलं, डॉक्टर आला, रुग्णवाहिका आली, म्हणजे आरोग्याचा हक्क मिळाला, असं आम्ही कित्येक वर्षं समजत होतो. बिलासपूरला डॉक्टर होता. बीडला दवाखाने होते. तिथं नव्हती ती बाईला विचारण्याची रीत. आणि जी संघटना स्वतःच्या बैठकीत बाईला विचारत नाही, तिच्या प्रश्नावलीत तो प्रश्न कुठून येणार?

आता संघटनेच्या आत येऊ. आमची संस्था लहान होती, चौदा माणसं. गावपातळीवर काम करणाऱ्या सगळ्या बायका, त्यांना मानधन. तालुक्याचे समन्वयक दोन पुरुष, त्यांना पगार. जिल्ह्याला आणि मुंबईला बैठकीला जाणारे सचिव. सरकारनं आशाताईंची जी उतरंड केलीय, तीच आमच्याकडे होती. देशभरात सुमारे दहा लाख आशा आहेत, सगळ्या बायका. त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणायचं म्हणजे पगार द्यावा लागत नाही. त्याविरुद्ध आम्ही मोर्चे काढत होतो. आणि आमच्या गावकार्यकर्तीला आम्हीही मानधनच देत होतो.

बैठक संध्याकाळी सातला. शेवटची एसटी साडेसातची. मग कार्यकर्त्या ‘येत नाहीत’ अशी तक्रार. ज्याच्याकडे मोटारसायकल त्याला पेट्रोलचा भत्ता, बाई वडापनं जाते तर त्याची पावती नाही म्हणून पैसे नाहीत. कलेक्टरसमोर बोलायचं काम त्यांचं, इतिवृत्त लिहायचं आमचं. चहाचं तर सांगतच नाही. एकदा आम्ही आशांना बाळंतपणाची भरपगारी रजा द्या, असं निवेदन तयार केलं. ते सुवाच्य अक्षरात लिहिणारी आमचीच मुलगी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तिला सांगण्यात आलं, प्रकल्प मार्चमध्ये संपतोय, तू आता घरी आराम कर, पुढचं पुढे बघू. कुणालाही त्यात काही विसंगत वाटलं नाही. २०१७ पासून दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनात २६ आठवड्यांची भरपगारी रजा हा कायदा आहे. तो आम्ही दुसऱ्यांसाठी वाचत होतो.

यापुढची गोष्ट मी पहिल्यांदाच अशी उघडपणे सांगते आहे. त्या मुलीला मी सलमा म्हणेन, हे तिचं नाव नाही.

सलमा पदवी झाल्या झाल्या आमच्याकडे आली. घरातून बाहेर पडून काम करणारी तिच्या खानदानातली पहिली मुलगी. तिचे अब्बा मला भेटायला आले होते. म्हणाले, “आपा, तुम्ही आहात म्हणून पाठवतोय.” हे वाक्य लक्षात ठेवा.

आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते होते, आपल्याच समाजातले. वक्तृत्व चांगलं, अधिकारी त्यांना टरकून असायचे. गावात तणाव झाला की दोन्ही बाजूंना जाऊन बसणारे, म्हणून त्यांच्याबद्दल सगळ्यांना आदर. हे गृहस्थ सलमाला रात्री मेसेज करू लागले. आधी कामाचे, मग बिनकामाचे. मग फिल्डवर जाताना मोटारसायकलवर माझ्याच मागे बस, असा आग्रह. एका निवासी प्रशिक्षणात रात्री अकराला त्यांनी तिच्या खोलीचं दार वाजवलं. तिनं उघडलं नाही. सकाळी ती माझ्याकडे आली. हातातला मोबाइल तिनं माझ्यापुढे धरला होता, मेसेज वाचा म्हणून.

मी ते नीट वाचलेसुद्धा नाहीत. मी म्हणाले, “बेटा, थोडं थांब. जनसुनवाई दोन आठवड्यांवर आलीय. संस्थेचं नाव खराब होईल. आणि बघ, ते आपल्यातले आहेत, त्यांच्यावर आधीच लोकांचा डोळा आहे. पेपरवाल्यांना कळलं तर ‘मुसलमान कार्यकर्ता’ एवढंच छापतील. मी त्यांच्याशी बोलते.”

बोलले मी. ते हसून म्हणाले, “मुलगी लहान आहे, गैरसमज झालाय.” मी परत आले. विषय संपला, असं मला वाटलं. पुढच्या महिन्यात सलमा आलीच नाही.

तुम्ही विचाराल, कायदा होता ना? होता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. ही त्यानंतरची गोष्ट आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात, एक सदस्य बाहेरची हवी. आमच्याकडे समिती होती. म्हणजे कागदावर होती, निधी देणाऱ्यांना पाठवायच्या अहवालात. सलमा गेल्यानंतर काही महिन्यांनी मी एक फाईल चाळत होते. त्यात समितीच्या सदस्यांची नावं होती आणि दुसरं नाव माझं होतं. मी ज्या समितीची सदस्य होते, ती आहे हेच मला माहीत नव्हतं. सलमा बरोबर ठिकाणी आली होती. कायद्यानं जिथं जायला हवं तिथंच. तिथं मी बसले होते आणि मी तिला परत पाठवलं.

हा कायदा कुठून आला तेही बघा. राजस्थानात भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन होत्या, म्हणजे गावपातळीच्या कार्यकर्त्या, आमच्यासारख्याच. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून याचिका झाली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली. कामामुळे जिच्यावर अत्याचार झाला अशा एका मानधनी कार्यकर्तीमुळे देशातल्या नोकरदार बाईला हे संरक्षण मिळालं. आणि सामाजिक संस्था म्हणतात, आमच्याकडे कशाला समिती, आम्ही तर कुटुंबासारखे!

कुटुंबासारखे आहोत, हीच अडचण आहे. कुटुंबात आपल्याला काय शिकवलं? घर की बात घर में. नवऱ्यानं मारलं, सासरच्यांनी छळलं, सांगू नको, खानदानाचं नाव जाईल. मोहल्ल्यात काय शिकवलं? समाजातल्या वाईट गोष्टी बाहेर बोलू नको, दुश्मनांच्या हाती कोलीत मिळेल. संघटनेत आले तर तिथंही तेच, फक्त खानदानाच्या जागी संस्था. तीन ठिकाणी एकच वाक्य. आणि ते वाक्य सलमाला सांगणारी मी बाई, मुसलमान, आरोग्य हक्काची कार्यकर्ती. तिन्ही घरांतला धडा मी एका दमात म्हणून दाखवला.

आपल्या समाजात या वाक्याला जास्त धार आहे, कारण भीती खोटी नाही. आपल्याविरुद्ध बोललं जातं, लिहिलं जातं. लोकसंख्येचंच घ्या. मुसलमान मुद्दाम मुलं वाढवतात, असं सांगितलं जातं. आपण उत्तर देतो, आणि ते बरोबर आहे. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत २.४ झाली. तरुण मुलं हा आकडा मोबाइलवर घेऊन वाद घालतात. घाला. पण कधी विचारलंत का, हा आकडा खाली आला तो कुणाच्या अंगावरून? त्या बिडी वळणाऱ्या बाईच्या. दवाखान्यात तिला म्हणतात, तुम्हा लोकांना किती हवीत. घरी सासू म्हणते, अजून एक मुलगा होऊ दे. आपण तिचा आकडा घेऊन वाद जिंकतो. तांबी बसवताना तिला विचारलं का, हे दवाखाना विचारत नाही, सासू विचारत नाही आणि आपणही विचारत नाही.

आणि ‘आत्ता ही वेळ नाही’, हे तर आपल्याला पाठच आहे. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बायकांनी मुंबईत तलाकच्या प्रश्नावर मोर्चा काढला. त्याच्याही आधी डॉ. रशीद जहाँ होत्या, बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टर आणि लेखिका. पडद्यामागची बाई वारंवारच्या बाळंतपणांनी कशी खचते, ते त्यांनी लिहिलं. १९३२ च्या ‘अंगारे’ या संग्रहात त्यांचं लेखन आलं आणि पुढच्याच वर्षी त्या पुस्तकावर बंदी आली. तेव्हा वेळ नव्हती, १९६६ ला नव्हती, सलमाच्या वेळी नव्हती. बाईच्या दुखण्याची वेळ येते तरी कधी?

पुढे काय झालं ते सांगते, कारण गोष्ट अर्धी ठेवणं बरोबर नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या एका मुलीनं त्याच माणसाविरुद्ध लेखी तक्रार केली. या वेळी समिती खरोखर बसली. बाहेरच्या सदस्य एक वकीलबाई होत्या, त्यांनी कुणाचीही भीड ठेवली नाही. त्या गृहस्थांना काढावं लागलं. संस्थेला त्रास झाला का? झाला. दोन गावांत काम बंद पडलं. काही जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं, मशिदीबाहेर माझ्या नवऱ्याला ऐकवलं गेलं. नाव खराब होतं ही भीती अगदीच खोटी होती, असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतरच्या वर्षात तीन नव्या मुली कामाला आल्या. तिघींच्या आयांनी विचारलं होतं, “त्या माणसाला काढलं ना?” गावाला सगळं आधीच माहीत होतं. आम्हीच समजत होतो की झाकलंय.

मी सलमाच्या घरीही गेले. तिचं लग्न झालं होतं, कडेवर मूल होतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, “बसा आपा, चहा ठेवते.” चहा देताना मुलाच्या तापाबद्दल विचारलं, कुठल्या डॉक्टरला दाखवू म्हणून. त्या गोष्टीवर ती एक शब्द बोलली नाही. तिनं मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारायचा हक्क मला आहे, असंही वाटत नाही.

आता कामाचं बोलू. तुम्ही कुठल्याही संघटनेत जाल तर पहिल्या महिन्यात काही गोष्टी बघा.

मागण्यांची यादी कुठं तयार होते, कोण करतं? बायकांची बैठक वेगळी घ्या, त्यांना जमेल त्या वेळी, बहुधा दुपारी स्वयंपाक आवरल्यावर. त्यात निघालेले प्रश्न यादीच्या वरच्या अर्ध्यात घ्या. अंगावरून पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, पाळीचा त्रास, गर्भपात, हे ‘बायकांचं काहीतरी’ नाही, आरोग्याचा प्रश्न आहे. हक्कही माहीत करून घ्या. गर्भपाताच्या कायद्यात अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. तरी दवाखान्यात ती मागतात. तुमच्या प्रश्नावलीत हा प्रश्न हवा.

अंतर्गत समिती आहे का ते विचारा. असेल तर सदस्यांची नावं आणि फोन नंबर भिंतीवर लावायला सांगा, फाईलमध्ये नको. तक्रार तीन महिन्यांत करायची असते, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. पगार नसलेली स्वयंसेविका, मानधनावरची, शिकाऊ मुलगी, सगळ्या या कायद्यात येतात. संस्थेत दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. आणि मुलींनो, तुमच्याकडे कुणी मैत्रीण आली तर माझ्यासारखं करू नका. आधी मेसेज पूर्ण वाचा. मग विचारा, तुला काय हवंय? ‘थांब’ हा शब्द तिच्या तोंडचा असू दे, तुमच्या तोंडचा नको.

मुलांनो, तुमच्यासाठीही आहे. इतिवृत्त लिहा. वडापचे पैसे पावतीशिवाय मंजूर करा. कलेक्टरसमोर या वेळी कुणी बोलायचं, हे आधी विचारा. आणि पुरुषपणाचं ओझं तुमच्याही प्रकृतीवर आहे, ते ओळखा. आमच्याकडे यंत्रमागावर काम करणारा एक भाऊ महिनोन्‌महिने खोकत राहिला, घरी सांगितलं नाही, मर्द आदमी खोकला घेऊन दवाखान्यात कशाला जाईल म्हणून. टीबी निघाला तेव्हा घरातल्या दोघांना लागण झाली होती. आणि जे या दोन्ही खणांत बसत नाहीत, आपले तृतीयपंथी साथी, त्यांना केसपेपर काढताना कुठल्या रांगेत उभं करतात, तेही कधी जाऊन बघा. लिंगभाव सगळ्यांचाच आहे.

शेवटी त्या पाण्याच्या जारपाशी भेटलेल्या बाईकडे परत जाते. पुढच्या जनसुनवाईत आम्ही पहिला एक तास फक्त बायकांचा ठेवला. व्यासपीठावर तीन बायका होत्या, त्यातली एक निवृत्त नर्स. ही बाई उठली आणि माइकवर बोलली, अर्धं मराठीत, अर्धं दखनीत. अधिकारी म्हणाले, “हा वैयक्तिक प्रश्न आहे, नंतर भेटा.” तर मागून एक म्हातारी ओरडली, “माझ्या सुनेचं पण असंच झालंय!” मग चौथी, मग सहावी. तासाभरात तो ‘वैयक्तिक’ प्रश्न नऊ जणींचा झाला. आज त्या दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीला पडदा आहे आणि संमतीचा कागद वाचून दाखवल्याशिवाय सही घेत नाहीत. उद्या नर्सबाई बदलल्या तर काय होईल, सांगता येत नाही. पुन्हा विचारावं लागेल.

माझं बोलून झालं. आता तुमचे प्रश्न घेऊ. मघापासून बघते आहे, पुढच्या रांगेतल्या मुलांचे हात आधीच वर आहेत. जरा थांबा. पहिला प्रश्न आपण मागं भिंतीला टेकून बसलेल्या मुलींकडून घेऊ. आणि माइक त्यांच्यापर्यंत कुणीतरी नेऊन द्या.